खिडकीवरची टकटक

२१ जानेवारी

दुपारी मुख्य भूमीवरून, ब्रेस्त बंदरातून फोन आला. समुद्रात संकटात सापडलेल्यांना सोडवणाऱ्या कचेरीतली कोणी बाई. आवाज इतका गोड, की तिथेच माझं डोकं फिरलं. "बाई, तुम्ही बसला आहात ना?" म्हणे. मी म्हटलं, "उभी आहे, बटाटे सोलते आहे, बोला."

माझ्या लेकीच्या, नोलवेनच्या बोटीवरचं संकटयंत्र पहाटे सुरू झालंय. उपग्रहाने पकडलं. जागा हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला, केर्गेलेन बेटांच्याही कितीतरी पुढे. तिथून आफ्रिका लांब, ऑस्ट्रेलिया लांब आणि देव त्याहून लांब. वादळ चालू आहे. यंत्र सुरू झालं एवढंच कळतं. कोणी केलं, का केलं, करणारं माणूस शुद्धीवर आहे का, ते यंत्र सांगत नाही.

शेडमध्ये जाऊन तांगीला सांगितलं. हा माझा नवरा. जन्मभर मालवाहू जहाजांवर राबून घरी आला, आणि घरी बसायचं सोडून लेकीबरोबर चार हिवाळे लाकडं तासत बसला. त्यातून निघाली ती 'लाबूस', म्हणजे पाखरू. त्या पाखरात बसून एकोणीस वर्षांची पोरगी ऑक्टोबरात एकटी निघाली, जगाला फेरी मारायला. आणि माझं सगळं ऐकून तांगी काय म्हणाला? "हं." पायाशी पडलेली ढलपी उचलली, कडेला ठेवली, आणि "हं."

धक्क्यावर निरोपाला सगळा गाव फुलं घेऊन आला होता. मी सगळ्यांदेखत बापलेकीला शिव्या घातल्या. लोक अजून ते चघळतात. चघळोत. आज पुन्हा घालेन, आणि जास्त मोठ्याने.

२२ जानेवारी

फान्शदादा नकाशा घेऊन आला. माझा थोरला भाऊ, नोलवेनचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता आणि आमच्या बेटावरच्या जीवरक्षक नावेचा तांडेल. ज्या रात्री शहाणी माणसं पांघरुणात असतात त्या रात्री हा फुकटात लोकांना बुडण्यापासून ओढून आणतो. म्हणून त्याच्यावर मला फार ओरडता येत नाही. थोडंच ओरडते.

"ऑस्ट्रेलियाहून विमान निघेल," तो म्हणाला. "पण तिथवर पोचून शोधायला थोडा वेळ मिळतो, मग इंधनासाठी परतावं लागतं."

"आणि जहाज?"

"रियुनियन बेटाचं एक मासेमारी जहाज आहे. कप्तानाने मासे धरायचे दोर पाण्यात तसेच टाकून तोंड वळवलंय. आठवडा लागेल."

"आठवडा! बैलगाडी जोडलीय का त्याला?"

"मग तू जा वल्हवत," दादा म्हणाला. "तुझ्या तोंडाने लाटा तरी घाबरतील."

एरवी मी हसले असते.

संध्याकाळी रेडिओवर एक विद्वान बोलत होता. अशी पोरं हौसेखातर मरायला जातात, आणि त्यांच्यापायी दुसऱ्यांनी जीव का धोक्यात घालावा, असं त्याचं म्हणणं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! हेच शब्द मी स्वतः ऑक्टोबरात बोलले होते, अगदी हेच. पण मी बोलेन. पोर माझी आहे. याची कोण लागते? रेडिओ बंद केला आणि कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन ठेवला. ऐकू देत त्यांना.

२४ जानेवारी

विमानाला लाबूस दिसली. डोलकाठी मोडून आडवी पडली आहे, बोट अर्धी पाण्यात, लाटा वरून जाताहेत. विमानाने पुन्हा पुन्हा खालून घिरट्या घातल्या. वर कोणी आलं नाही. ब्रेस्तच्या त्या गोड बाईने 'कोणी नव्हतं' असं नाही म्हटलं, 'कोणी दिसलं नाही' म्हटलं. हा फरक तिला शिकवलेला असणार. शिकवणाऱ्याचं वाटोळं होवो.

तांगी म्हणाला, "आत आहे ती."

"मग बाहेर का नाही आली? विमान काय रोज जातं का तिथून?"

"आत आहे," तो पुन्हा म्हणाला आणि शेडमध्ये गेला.

मी मागून जाऊन पाहिलं. बोटीच्या नाळेतल्या, अगदी पुढच्या टोकाच्या त्या चिंचोळ्या बिछान्याचे त्याने साचे ठेवले होते, ते जमिनीवर मांडले होते आणि स्वतः त्यात आडवा झाला होता, गुडघे पोटाशी घेऊन. मोजमापं घेत होता म्हणे. पोर मरणाच्या दारात आणि याला मापं सुचताहेत! मी एवढंच म्हणाले, की तुझ्या अंगाला भुसा लागलाय.

सासूबाईंचं आणखी वेगळंच. ओन्दीन त्यांचं नाव, चौऱ्याऐंशीच्या आहेत. आमच्या घरात प्रत्येकाचा कॉफीचा वाडगा वेगळा, त्यावर नाव रंगवलेलं. फोन आल्यापासून त्या रोज सकाळी नोलवेनचाही वाडगा मांडतात, त्यात कॉफी ओततात. ती गार होते, मग संध्याकाळी ओतून देतात. डोकं चाललं बहुतेक. दुष्काळात तेरावा महिना.

२६ जानेवारी

संकटयंत्र बंद पडलं. बॅटरी संपते म्हणे, त्याचा अर्थ काही लावू नका. वादळामुळे विमानही आज गेलं नाही.

घरी येऊन पाहते तर सासूबाई चुलीपाशी बसलेल्या, मांडीवर पांढरं फडकं, आणि हातात मागच्या सणाची मंतरलेली मेणबत्ती. ती ऊब देऊन देऊन मऊ करत होत्या. बोटभर लांबीचा एक दांडा झाला होता, दुसरा वळत होत्या.

या बेटावर जन्मलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही की हे काय आहे. तरी लिहिते, म्हणजे राग नीट कागदावर उतरेल. आमचे पुरुष दर्यावर जायचे आणि बायका कुदळ घेऊन शेतावर. दर्यावर गेलेल्यांतले बरेच परत येत नसत. प्रेत नाही, तर पुरायचं काय? म्हणून मेणाचा छोटा क्रूस करायचा, तोच माणूस समजायचा. पांढऱ्या कापडावर टेबलावर ठेवायचा, रात्रभर शेजारीपाजारी बसायचे, सकाळी उचलून चर्चमध्ये न्यायचा. याला म्हणायचं प्रोएला, म्हणजे घरी परत येणं. बातमी द्यायचीही रीत होती. धर्मपिता किंवा घरातला वडीलधारा दिवस कलताना यायचा. आधी घराला फेरी मारायचा, सगळे घरात आहेत ना ते बघायचा. मग खिडकीच्या काचेवर तीनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "बाई गं, आज तुझ्याकडे प्रोएला आहे."

तीसेक वर्षांत कोणी केलेली नाही. मी शेवटची पाहिली ती नऊ वर्षांची असताना, माझ्या बापाची. जाँकाका आला होता. काचेबाहेर त्याची टोपी हातात होती. आई शिवत होती, तिने सुई आधी गादीत नीट खोचली आणि मग उठली. दादा तेव्हा जहाजावर नोकरीला लागला होता, त्याला कळलं दोन महिन्यांनी, पत्राने. त्याने काहीच पाहिलं नाही. पाहिलं ते मी.

"सासूबाई," मी म्हटलं, "तुम्हाला एवढी घाई आहे तिला पुरायची?"

"मेण हातात असलं की हात कापत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग लोकर घ्या! सुया घ्या! माझ्या पोरीला मेणात कशाला घालता?"

"तू ओरड सूनबाई. तुला ओरडल्याने बरं वाटतं. मला याने वाटतं."

मी क्रूस हिसकावून घ्यायला हात पुढे केला. पण हात लावायला धीर झाला नाही. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला, चादरींच्या खाली. आणि आज सकाळीही वाडगा मांडलाच होता, कॉफी ओतलीच होती. एका हाताने पुरायचं आणि दुसऱ्या हाताने न्याहारी द्यायची, हा कुठला न्याय?

२७ जानेवारी

घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. बोटीतून पत्रकार उतरले. एकाने कुंपणावरून विचारलं, "आई म्हणून तुमच्या मनात आत्ता काय चाललंय?" माझ्या हातात शेणखताची बादली होती. मनात काय चाललंय ते त्याच्या बुटांवर ओतलं. फोन दर पाच मिनिटांनी वाजतो आणि प्रत्येक वेळी मी हातातलं टाकून धावते, आणि असतो कोण, तर कुठल्यातरी मासिकाचा मेला! शेवटी वायर भिंतीतून उपटली. दादाला सांगितलं, काही कळलं तर नावेच्या बिनतारीवर कळू दे, तू ये सांगायला.

रस्त्याच्या बाजूच्या झडपा लावून घेतल्या, दाराला अडसर घातला. आता घरात उजेड फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून येतो.

तांगी म्हणाला, "वायर का उपटलीस?" सात दिवसांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"तू 'हं' म्हणतोस म्हणून," मी म्हटलं.

२९ जानेवारी

आज सकाळपासून इतकं धुकं की स्वतःचं कुंपण दिसत नव्हतं. क्रेआकच्या दीपगृहाचा भोंगा सारखा बोंबलत होता. तांगी मेंढ्या शोधायला उत्तरेला गेला होता. मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या फेब्रुवारी लागला की गोळा करायच्या असतात, कानावरच्या खुणा बघून ज्याच्या त्याच्या घरी न्यायच्या असतात. जग बुडालं तरी मेंढ्या मोजल्या पाहिजेत. सासूबाई चुलीपाशी पेंगत होत्या. मी भांडी घासत होते.

दार हललं. अडसर होता. मला वाटलं पत्रकार. मी घासत राहिले. पावलं भिंतीच्या कडेने गेली. पलीकडच्या झडपा कोणीतरी चाचपल्या. मग पावलं शेडच्या बाजूने वळून मागे आली. घराला फेरी.

माझे हात पाण्यात तसेच राहिले.

खिडकीच्या धुक्यात दादा उभा राहिला. टोपी हातात. त्याने काचेवर टकटक केली. तीनदा.

तोंड हलत होतं त्याचं. भोंगा वाजत होता, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं. मी ओरडले, "नाही! जा! माझ्याकडे काही नाहीये आज! जा इथून!" तो आणखी जोरात टकटक करायला लागला. मी म्हटलं, "आलास तर विळी घालीन!" तो हातवारे करायला लागला, टोपी हलवायला लागला. ती टोपी मला बघवेना. हाताला लागला तो वाडगा उचलला आणि फेकला. तांगीचा होता.

काच फुटली. वाडगा दादाच्या कपाळावर बसला. आणि फुटक्या काचेतून त्याचा आवाज आत आला, भोंग्यावर ताण करणारा:

"जिवंत आहे, गं सटवे! जिवंत आहे! उघड ना दार!"

मला अडसर निघेना. बोटं साबणाची होती म्हणून. सासूबाईंनी उठून काढला. दादा आत आला तो रक्ताने माखलेला आणि हसतोय.

"टोपी का काढलीस?" मी त्याला बडवत विचारलं. "खिडकीवर का आलास? तुला दुसरी खिडकी नव्हती?"

"धावत आलो, घाम आला म्हणून काढली! दारं तू लावून बसलीस, मी चिमणीतून येऊ? आणि मारतेस काय? पोरगी सापडलीय तुझी!"

मासेमारी जहाज पहाटे पोचलं. भोंगा वाजवला तर बोटीच्या आतून ठोकल्याचा आवाज आला. दोघं जण दोर बांधून चढले, आडवी पडलेली डोलकाठी कापली, बोटीच्या छतावरची बाहेर यायची झडप उघडली. नोलवेन आत, नाळेतल्या बिछान्यात. डावा हात मोडलेला, बाकी धड.

सासूबाईंनी नोलवेनच्या वाडग्यातली कॉफी गरम केली आणि दादाला दिली. मग त्याच्या कपाळाला फडकं बांधलं. मला कोणी काही दिलं नाही. मी काचा गोळा केल्या.

तांगी मेंढ्या घेऊन आला, त्याला दादाने सांगितलं. तो म्हणाला, "हं." मग मेंढ्यांना आत न घेता फाटक तसंच उघडं टाकून शेडमध्ये गेला. मेंढ्या माझा कोबी खाऊन गेल्या.

३० जानेवारी

वायर पुन्हा जोडली. जहाजावरून फोन. आवाज उशिरा येतो, मध्ये समुद्र खरखरतो.

"आई?"

"कुठला हात मोडला?"

"डावा."

"जेवतेस का?"

"हो. इथे भात असतो रोज. आणि तिखट. आई, त्यांनी लाबूस तिथेच बुडायला सोडून दिली. मी कप्तानाला किती विनवलं, ओढून न्या म्हणून."

इथे माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. जहाजावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं असणार. परक्या लोकांनी आपलं पोटाचं काम टाकून, जीव धोक्यात घालून तुला काढलं, आणि तू लाकडासाठी रडतेस? कप्तानाचे पाय धर, असं म्हणाले. आणखीही म्हणाले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली,

"विमान ऐकू येत होतं, आई. अगदी डोक्यावर. डोलकाठी झडपेवर आडवी पडलेली. मी आतून धडका मारत होते, एका खांद्याने. ते घिरट्या घालत होते आणि मला दार उघडता येत नव्हतं. मग ते निघून गेले."

मी म्हटलं, "झडप बाहेर उघडणारी केली, ही तुझ्या बापाची चूक," आणि फोन त्याच्या हातात दिला.

तो म्हणाला, "हं. हं. हं." फोन ठेवल्यावरही कानाशी धरून उभा होता. मी काढून घेतला.

१ फेब्रुवारी

सासूबाईंनी कपाटातून क्रूस काढून टेबलावर ठेवला.

"याचं काय करायचं ते सांग."

"वितळवा. चुलीत टाका. मला विचारता?"

"केलेला क्रूस मोडत नाहीत. आणि बिननावाचाही ठेवत नाहीत घरात. रिकामा असला की तो नाव शोधत बसतो."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली, दोन्ही एकदम. कोणी सांगितलं होतं करायला? मी टेबलावर मूठ आपटली. "नाव हवंय ना त्याला? मग द्या त्या नालायक बोटीचं! ती बुडाली आहे, तिचं प्रेत नाही मिळालेलं, तिलाच घाला त्यात!"

सासूबाईंनी मान हलवली. "बरोबर बोललीस," म्हणाल्या. "आयुष्यात एकदा."

मी रागाने बोलले होते. पण त्यांनी शाल घेतली आणि शेजारपाजारी सांगायलाही गेल्या.

२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी निम्मं गाव आमच्या स्वयंपाकघरात होतं. बोटीची प्रोएला! ऐकलंय कोणी असं? मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या काळे कपडे घालून आल्या. पांढऱ्या कापडावर तो बोटभर क्रूस, दोन मेणबत्त्या. मी धिरडी घातली, खायला हे सगळे येणारच. दादा टाके घातलेलं कपाळ घेऊन बसला होता आणि प्रत्येकाला सांगत होता की दर्यावर इतकी वर्षं काढली, पण जखमी झालो ते बहिणीच्या खिडकीत.

म्हाताऱ्यांनी जुनी प्रार्थना धरली. आणि मध्येच तांगी रडायला लागला. मोठ्याने, तोंड न झाकता, लहान पोरासारखा. खांदे हलत होते. हा माणूस आमच्या लग्नात रडला नाही, स्वतःचा बाप गेला तेव्हा रडला नाही, संकटयंत्र बंद पडलं तेव्हा रडला नाही. आणि काल बोटीसाठी रडला! लाकडासाठी! चार हिवाळ्यांचं काम गेलं म्हणून! मला इतका संताप आला की मी तिथून उठले. त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्याच्या गुडघ्यावर हात घट्ट दाबून धरला, गप्प बसवायला. तो गप्प बसला नाही.

सकाळी सासूबाईंनी क्रूस उचलला, आम्ही मागे गेलो. चर्चमध्ये नाही, शेडमध्ये. तांगीने तुळईत एक खाच केली होती. "जिथली तिथे आली," सासूबाई म्हणाल्या आणि क्रूस खाचेत ठेवला.

खिडकीला अजून पुठ्ठाच आहे. काच मुख्य भूमीवरून मागवावी लागते.

१७ मार्च

आली. बोटीतून उतरताना हात गळ्यात बांधलेला, वाळलेली, केस दोरखंडासारखे. धक्क्यावर पुन्हा फुलं घेऊन गाव. मी ठरवून गेले होते की आधी एक थोबाडीत. पण तिने चेहरा असा पुढे केला, की जणू तिलाही तेच हवं होतं. मग मारली नाही. म्हटलं, "केस कापायला हवेत."

घरी आल्यावर वाडगा बघितला, शेडमध्ये जाऊन तो क्रूस बघितला, आजीच्या मांडीत डोकं ठेवून जराशी झोपली. जेवताना बापलेक बोटांनी टेबलावर काहीतरी रेघा ओढत होते. झडप, असं ऐकू आलं. आत उघडणारी. मी चमचा आपटला तेव्हा थांबले.

आणि ही नवी खोड. घरातलं एकही दार लावू देत नाही. स्वयंपाकघराचं, माडीचं, कपाटाचंसुद्धा. मी लावलं की दोन मिनिटांत उठते आणि उघडते, काही न बोलता, जणू सहज. बाहेर मार्चचा वारा, पुढचं दार सताड उघडं, चुलीतला धूर घरभर, माझ्या सांध्यांची वाट लागली. मी ओरडले, "बोटीत आहेस का? दार लाव!" ती म्हणाली, "हो आई," आणि लावलं नाही. परत ओरडले. तांगी म्हणाला, "असू दे." यांचं दोघांचं असंच.

ती झोपल्यावर दार वाऱ्याने आपटायला लागलं. आपटण्याने तिची झोप मोडेल म्हणून उठले. अंगणातून एक चांगला जड दगड आणला आणि दाराला लावून ठेवला, उघडं राहील असा.